एमिली विल्सन यांनी 'ओडिसी' बदललं का? जुनंच भाषांतर वाचावं का?

प्रश्नातला आरोप असा, की 'ओडिसी' या होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या २०१७च्या इंग्रजी भाषांतरात बाईंनी स्त्रीवादापायी होमर सौम्य केला. मला हे अजिबात मान्य नाही. भर घातली ती आधीच्यांनी.

बाविसाव्या सर्गातल्या ४६२ ते ४६४ या ओळी बघा. राजा ओदिसियस वर्षानुवर्षं बाहेर असताना त्याच्या बायकोला मागणी घालणारे पुरुष घरात तळ ठोकून होते; परतल्यावर तो त्यांना मारतो. मग घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींना फाशी देण्याआधी त्याचा मुलगा तेलेमाखस बोलतो: "ज्या माझ्या आणि आईच्या डोक्यावर लांच्छनं ओतत आल्या, मागणी घालणाऱ्यांपाशी निजत आल्या, त्यांचा जीव मी स्वच्छ मरणाने घेणार नाही." ग्रीकमध्ये इथे त्या बायकांसाठी नामच नाही. 'ताओन, हाय' ही नुसती स्त्रीलिंगी अनेकवचनी सर्वनामं आहेत. मराठीत 'ज्या' म्हटलं की काम झालं. इंग्रजीच्या अनेकवचनी सर्वनामाला लिंग नाही, म्हणून भाषांतरकार पदरचं नाम घालतो, आणि घोळ तिथेच होतो. फेगल्स (१९९६) 'स्लट्स' (छिनाल) लिहून वर 'होअर्स' (वेश्या) जोडतात, फिट्झजेराल्ड (१९६१) 'स्लट्स', लॅटिमोर 'क्रीचर्स'. विल्सन 'गर्ल्स' लिहितात. नाम त्यांनीही घातलंच, पण शिवी नाही घातली. 'मुळातच तसं आहे' म्हणणाऱ्यांनी मुळात तो शब्द बोट ठेवून दाखवावा.

त्याच सर्गातल्या ३७व्या ओळीचा विषय तर सहसा निघतच नाही. ओदिसियस त्या पुरुषांना तोंडावर सुनावतो, की तुम्ही माझ्या दासींशी 'बियाइओस' झोपलात. म्हणजे जबरदस्तीने. मालकाला हे ठाऊक आहे, तरी फास दासींनाही.

दासीची मर्जी इथे हिशेबातच नाही. पहिल्या सर्गात ओदिसियसचा बाप लाएर्तेस वीस बैलांच्या मोलाने युरिक्लेया या दासीला विकत घेतो आणि तिच्यापाशी झोपत नाही, ते बायकोच्या रागाला भिऊन. म्हणून 'द्मोए' या दासीसाठीच्या ग्रीक शब्दाला इंग्रजीत 'मेड' म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं, आणि मराठीत 'मोलकरीण' त्याहून. मोलकरीण पगार घेते, काम सोडू शकते. 'दासी' चालेल, पण पुराणं ऐकून तो शब्द गुळगुळीत झालाय. पेशवाईतल्या कागदांत खरेदी-विक्री होणारी 'कुणबीण' किंवा 'बटीक' अर्थाला सर्वांत जवळची.

लॅटिनचंही थोडक्यात, कारण घोळ तोच: रोमन कवी ओव्हिदच्या 'मेटॅमॉर्फसिस' या काव्यात, चौथ्या भागात, राजकन्या ल्युकोथोई स्वतः सांगते की सूर्यदेवाने माझ्या मनाविरुद्ध बळजबरी केली. शब्द 'विम' (बळ) आणि 'इनविताए' (मर्जी नसलेलीवर). इंग्रजीत 'रॅव्हिश'सारखा नटवा शब्द वापरला की तिची तक्रारच पुसली जाते.

हेही सांगायला हवं, की होमर दासींना शिव्या देववतो. एकोणिसाव्या सर्गात युरिक्लेया त्यांना 'कुत्र्या' म्हणते, आणि विसाव्यात त्या हसत-खिदळत त्या पुरुषांकडे जातात. म्हणजे सगळ्याच जणींवर जबरदस्ती झाली असंही कवी म्हणत नाही. पण कुत्री ही निलाजरेपणाची शिवी, धंद्याची नव्हे.

घेण्याआधी दुकानातच बाविसावा सर्ग उघडा. विल्सन यांनी ओळींची संख्या मुळाइतकीच ठेवलीय, फेगल्समध्ये आकडे जुळत नाहीत, तिथे प्रसंग शोधावा लागेल. ३७व्या ओळीतली जबरदस्ती गाळून ४६४व्या ओळीत शिवी घातली असेल, तर ते पुस्तक परत फळीवर ठेवा.