माटवीचे काम माझ्याकडे आले तेव्हा

आपण विचारले आहे की, दरवर्षी सणाला गावी जाणे होते, सगळे विधी यथासांग पार पडतात, तरी लहानपणीचा आनंद काही हाती लागत नाही. तो कुठे शोधावा? मी मालवण तालुक्यातला, पोटासाठी मुंबईत राहणारा चाकरमानी. हा प्रश्न मलाही काही वर्षे छळत होता, म्हणून घरच्या गणपतीवरूनच उत्तर देतो.

आमच्या मूळ घरात पाच बिऱ्हाडांचा मिळून एकच गणपती असतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यापासून गावी पोहोचणे सोपे झाले खरे, पण माझा सणातला सगळा पुरुषार्थ आरक्षण मिळवण्यातच संपत असे. (पूर्वी १२० दिवस आधी जागे राहावे लागे, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, धाकधूक तेवढीच.) घरी पोहोचल्यावर मात्र मी पाहुणाच होतो: जेवायचे, आरतीला टाळ धरायचा, फोटो काढायचे आणि परतीच्या गाडीत बसायचे.

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडचे माटवीचे काम माझ्याकडे आले. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला आंब्याचे टाळे (डहाळ्या), नारळ, सुपारीचे घड, तवसे (मोठी काकडी) आणि पावसाळ्यात रानात जे जे फळते-फुलते ते बांधायचे असते. मला त्यातले नारळ आणि सुपारी सोडून काहीही ओळखता येत नव्हते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी धाकटे काका मला भरपावसात रानात घेऊन गेले. केवणीची साल सोलून तिचा दोर कसा करायचा, शेरवडीचे ते पांढरे दिसते ते फूल नसून पानासारखा भाग कसा, कांगल्यांचे घोस देठासकट कसे तोडायचे, हे सगळे त्यांनी न कंटाळता दाखवले. लालभडक कवंडळ हातात घेऊन मी वास घेऊ लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तोंडात घालू नको, कडू जहर आसा. तुझ्या बापाशीन एकदा चावून बघितल्यान हुता.” वडिलांची ही गोष्ट मला चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. ती बैठकीत आठवणी काढत बसलो असतो तर निघाली नसती. ते फळ हातात असल्यामुळे निघाली.

कृतज्ञतेचे म्हणाल तर आमच्याकडे ती गाऱ्हाण्यात असते. घरातला कर्ता पुरुष हात जोडून “बा देवा म्हाराजा” म्हणून सुरुवात करतो, मुंबईत असलेल्यांपासून गोठ्यातल्या जनावरांपर्यंत सगळ्यांचे भले मागतो, चुकले-माकले पदरात घ्यायला सांगतो आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात. पूर्वी मला हे लांबण लावणे वाटत असे. आता त्यात कोणाकोणाचे नाव येते, याकडे माझे लक्ष असते.

आठवणींवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. बालपणीचा सण मला निखळ आनंदाचा आठवतो, कारण मी तेव्हा अंगणात फटाके वाजवत होतो. ते एकदा कौतुकाने बोललो, तर आई शांतपणे म्हणाली, “मी इतकी वर्षे आरती स्वयंपाकघरातूनच ऐकली.” पहाटे चारपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या बायका माझ्या आठवणीत कुठेच नव्हत्या. तेव्हापासून खोबरे खवणे आणि पानांचे बघणे पुरुषांकडे आले आहे, आणि घरातले शेवटचे माणूस बाहेर येऊन उभे राहिल्याशिवाय आरती सुरू होत नाही. परंपरा मोडली म्हणून एका आत्याने नाक मुरडले. आता तीच सगळ्यात पुढे उभी असते.

तेव्हा आपणही यंदा घरातल्या जाणत्या माणसाकडे एखादे ठरलेले, दरवर्षीचे काम मागून घ्या, आणि ते येत नसल्याची लाज बाळगू नका. माझी माटवी पहिल्या वर्षी एका बाजूला चांगलीच कलली होती. गेल्या वर्षी कवंडळे बांधायचे काम माझ्या मुलीने हट्टाने घेतले आणि ऐन आरतीत गाठ सुटून त्यातले एक थेट तबकाशेजारी पडले. यंदा तिच्या गाठी मी तपासणार आहे. गरज नाही, असे तिचे म्हणणे आहे.