ग्रेट डेन पाळण्यापूर्वी आजार, उपचारांचा खर्च आणि विमा यांचा विचार कसा करावा?

पिल्लू घरी आणण्याआधीच आपण हा प्रश्न विचारलात, हे उत्तम झाले. मी ही जात पाळली आहे आणि माझ्या मते विमा घ्यायचाच असेल, तर तो पिल्लाच्या पहिल्या आजारपणाआधी घ्यावा.

पूर्ण वाढलेला नर साधारण 60 ते 80 किलोंचा असतो आणि औषधांची व भुलीची मात्रा वजनावर ठरते. त्यामुळे साध्या प्रतिजैविकाचा खर्चही लहान कुत्र्याच्या कितीतरी पट होतो. खरी धास्ती मात्र जठराला पीळ पडण्याची असते. छाती खोल असलेल्या जातींमध्ये वायूने फुगलेले जठर स्वतःभोवती फिरते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर कुत्रा काही तासांत दगावू शकतो. उलटीचे उमाळे येऊनही काही बाहेर न पडणे, लाळ गळणे, पोट टम्म फुगणे आणि एका जागी न बसणे ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय न करता रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठावा लागतो, आणि अवेळी होणारी ही शस्त्रक्रियाच सहसा सर्वांत मोठे बिल घेऊन येते. नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत, जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून जखडून ठेवता येते. त्याने पोट फुगणे थांबत नाही, पण पीळ पडणे बहुतांशी टळते. या जातीसाठी मी हा खर्च विम्याच्याही आधी करीन.

याखेरीज हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय विस्फारणे, मानेच्या मणक्यांचा विकार, खुब्याच्या सांध्याचा दोष आणि हाडांचा कर्करोग हे आजार या जातीत आढळतात. म्हणून पिल्लाच्या आईवडिलांचे हृदयतपासणीचे आणि खुब्यांच्या क्ष-किरणांचे अहवाल आवर्जून मागावेत.

विमा आधीपासूनच्या आजारांना सहसा लागू होत नाही, आणि पशुवैद्याने कधीकाळी नोंदवलेले साधे लंगडणेही पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. खुब्याच्या विकारासाठी प्रतीक्षा कालावधी (विमा घेतल्यापासून भरपाई लागू होईपर्यंतचा काळ) अनेकदा जास्त असतो. काही पॉलिसींत एका बाजूचा खुबा आधी बिघडलेला असेल, तर दुसऱ्या बाजूचा खर्चही वगळलेला असतो. हप्ता कमी आहे एवढ्यावर भुलू नये (वयाबरोबर तो वाढतच जातो), तर भरपाईची मर्यादा वर्षाला आहे की प्रत्येक आजाराला, हे आधी पाहावे, कारण हृदयविकाराची औषधे जन्मभर चालतात आणि आजारामागे ठरलेली रक्कम लवकर संपते. जठर जखडण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया बहुधा ऐच्छिक मानली जाते, म्हणून तिच्याबद्दल लेखी उत्तर घ्यावे. बऱ्याच कंपन्या बिल आपण भरल्यानंतरच परतावा देतात, तेव्हा विमा असला तरी एका मोठ्या शस्त्रक्रियेपुरते पैसे हाताशी लागतातच.