छप्पन पत्त्यांचं पाठांतर

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, विश्रामबागला राहते. दिवाळीत टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच, ऑनलाइन मागवला. मेजर अर्कानाची, म्हणजे स्वतःचं नाव असलेली 22 मोठी कार्डं जमली, पण मायनरची, म्हणजे चार रंगांत वाटलेली 56 काही केल्या डोक्यात राहत नाहीत. वहीत लिहून पाठ केली तरी कप्सची छक्की आणि पेंटॅकल्सची छक्की यात गोंधळ होतोच. त्यात परवा मिरजेला इंटरव्ह्यू होता, निघताना एक कार्ड काढलं तर हृदयात घुसलेल्या तीन तलवारी! मी गेलेच नाही. चुकलं का माझं?

उत्तर : हो गं, चुकलंच. तलवारींची तिर्री म्हणजे मन दुखावणं, एखादी गोष्ट लागणं, 'आज घराबाहेर पडू नको' असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. आणि मला विचारशील तर कार्ड पुढचं काही सांगत नाही, तुझ्याच पोटातली भीती फक्त चित्रात समोर येते.

आता पाठांतराचं. ती वही मिटव आणि घरातला साधा पत्त्यांचा कॅट काढ. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणूनच सुरू झाला, भविष्यबिविष्य नंतर चिकटलं. त्यामुळे बदाम म्हणजे कप्स (पेले), इस्पिक म्हणजे तलवारी, चौकट म्हणजे पेंटॅकल्स (नाणी) आणि किलवर म्हणजे वाँड्स (काठ्या) असं सहसा जुळवतात. फक्त गुलाम, राणी, राजा यांच्या जोडीला प्रत्येक रंगात एक घोडेस्वार जास्त, म्हणून 52 चे 56 झाले. कप्स म्हणजे भावना, तलवारी म्हणजे विचार आणि बोलणं, पेंटॅकल्स म्हणजे पैसा, काम, शरीर आणि वाँड्स म्हणजे उमेद, धडाडी. एवढं आलं की अर्धं काम झालं.

मग एकेक रंग पाठ न करता एकेक आकडा घे, चारही पंज्या ओळीनं मांडून बघ. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांत भिडलीयत, कप्समध्ये एकजण सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभाय आणि मागचे दोन भरलेले त्याला दिसतच नाहीत, तलवारींत एकजण जिंकून हसतोय पण बाकीचे पाठ फिरवून निघालेत, आणि पेंटॅकल्समध्ये बर्फात दोघं गरीब, शेजारीच चर्चची उजळलेली खिडकी. म्हणजे पंजी आली की कुठंतरी बिनसलंय, कुठं ते रंग सांगतो. दश्शी म्हणजे गोष्ट पार टोकाला गेलेली, एक्का म्हणजे सुरुवात. तुझ्या छक्क्यांचंही तसंच, दोन्हीत कुणीतरी कुणाला काहीतरी देतंय. कप्समध्ये लहान मुलं आणि पेल्यातली फुलं, म्हणजे जुन्या आठवणी, आजोळची सुट्टी म्हण हवं तर. पेंटॅकल्समध्ये शेठ हातात तराजू धरून नाणी वाटतोय, म्हणजे व्यवहार, कोण देणारा आणि कोण हात पसरणारा.

हे सगळं चित्रांमुळं जमतं, आणि ती चित्रं 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये पंजी म्हणजे नुसते पाच पेले, गोष्ट नाहीच. तुझा डेक तसा नुसत्या खुणांचा असला तर आधी चित्रांचा घे.

चित्राला आपल्याकडचं काहीतरी जोडून ठेव. मी वाँड्सची दश्शी उसाची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईवरून लक्षात ठेवली, आणि पेंटॅकल्सची अठ्ठी म्हणजे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर मान घालून बसलेला कारागीर. तलवारींची छक्की, बाईमाणूस आणि पोर घेऊन निघालेली नाव, ती तर 2019 चा पूर बघितलेल्या सांगलीकराला पाठ करावीच लागत नाही. पेज, नाइट, क्वीन, किंग, म्हणजे आपले गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा मात्र मलाही मधूनच दगा देतात, ते शेवटी घे. उलटी आलेली कार्डं सध्या सरळ सरळ सुलटी करून टाक, उगीच डोक्याला ताप.

आणि आज त्या ऑफिसला फोन कर, परवा येता आलं नाही म्हणून सांग, दुसरी तारीख मिळते का बघ. मिळाली तर सकाळी डेकला हात लावू नको, मिरज रोडच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून अर्धा तास लवकर निघ.