स्वतःचं प्रसूती केंद्र काढायचंय

प्रश्न : मी ठाण्यात जीएनएमच्या (नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे. पावसात वहिनीचं बाळंतपण वाटेतच जीपमध्ये झालं. मला पाड्याजवळ स्वतःचं प्रसूती केंद्र काढायचंय. बाबा म्हणतात, सरकारी नोकरी बघ. काय करू?

उत्तर : केंद्राचा विचार सोडू नकोस, पण आत्ता बाबांचं ऐक. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये निदान दोन वर्षं काढ, कंत्राटी जागा मिळाली तरी चालेल. मग 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' कर, म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित परिचारिका, मिडवाइफ हो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमधून आलेलं हे १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे.

सुरळीत बाळंतपणात धीर देणं, कळांमध्ये बाईला हिंडूफिरू देणं आणि पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा तक्ता, भरत राहणं हे तुझं काम. कसोटी लागते ती बाळ बाहेर आल्यावर. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, आणि गर्भाशय आकसलं नाही तर बाई बघता बघता हातची जाते. म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकसवणारं औषध द्यायचं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे वीज गेली तरी फ्रिज चालू हवा. आधीचं सीझर, वाढलेलं बीपी, जुळी, आडवं मूल अशा बायकांचं नाव आधीच मोठ्या रुग्णालयात घालायला लावायचं. बाकीच्यांपैकीही एखादीला मध्यरात्री हलवावं लागेल. त्यासाठी दाराशी गाडी, ड्रायव्हर आणि फोन उचलणारे स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत. हे तिन्ही जमेपर्यंत केंद्र उघडू नकोस, हे मी कळकळीने सांगतो.

खासगी प्रसूतिगृहाला १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते, ती होईल. पैशाचं गणित मात्र अवघड आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे. तुझ्या पाड्यावरच्या बायका फी कुठून देणार? नि त्यांच्याकडून ती घ्यावी असं तुलाही वाटणार नाही. त्यामुळे देणगीदार संस्था पाठीशी नसेल तर स्वतंत्र इमारतीपेक्षा सरकारी रुग्णालयातलाच मिडवाइफने चालवायचा कक्ष मला जास्त पटतो. २०१८ च्या सूचनांमध्ये त्याची तरतूद आहे. औषधं, रक्त, डॉक्टर सगळं जवळ आणि बाळंतपण तुझ्या हातात.

या सुट्टीत तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ये. रात्री डिलिव्हरीला कोण असतं, वर्षभरात किती बायकांना पुढे पाठवलं आणि कशासाठी, ते सिस्टरना विचार. पाड्यावरच्या आशाताईंनाही भेट, बायका दवाखान्यात उशिरा का येतात ते त्यांना ठाऊक असतं.