काय म्हणाला गं तो?
(वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं)

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही सुदामा नगरात घर बांधून राहिलोय, वरच्या मजल्यावर 14 बाय 11 ची एक खोली फक्त सिनेमासाठी ठेवलीय. मिसेसनी अख्ख्या घरात एवढी एकच खोली माझ्या नावावर केलीय असं समजा. टीव्ही 55 इंची आहे, तोच लावणार. आवाजासाठी 80 हजार बाजूला काढलेत, त्याच्यावर एक रुपया नाही. महाराणी रोडला दोन-तीन दुकानं फिरलो, एक जण म्हणतो सात स्पीकरचा 1000 वॉटवाला सेट घेऊन टाका, दुसरा म्हणतो आता सगळे साउंडबारच (टीव्हीखालची ती एकच लांब स्पीकरची पट्टी) नेतात, तिसरा म्हणतो छतातपण स्पीकर टाका, त्याशिवाय मजा नाही. आई आमच्याबरोबरच बसून बघते आणि तिचं कायमचं एकच, गाणी लागली की कानठळ्या बसतात आणि बोलणं सुरू झालं की "काय म्हणाला गं तो?" प्लास्टर अजून व्हायचंय. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो भिया, पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी असंच लिहून टाकलंय, प्लास्टर अजून व्हायचंय! त्याच्यावर येतो, पण आधी आईंचं.

मी 22 वर्षं इंदुरात नाटकांना साउंड लावला. शेवटच्या रांगेतल्या आजोबांना शब्द कळला नाही तर मध्यंतरात ते थेट माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, त्यामुळे मला सवय अशी की आधी बोलणं, मग बाकी सगळं. सिनेमातही तसंच आहे. 5.1 म्हणतात त्यात पुढे तीन स्पीकर, डावा उजवा आणि मधला, बाजूला दोन, आणि पॉइंट वन म्हणजे सबवूफर, खालचा घुमणारा आवाज काढणारा डबा. यातला मधला, म्हणजे सेंटर, सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं तोच बोलतो. आणि दुकानात सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच, कारण तो टीव्हीखाली आडवा पडलेला असतो आणि फोटोत काही भारी दिसत नाही. आईंची तक्रार वॉट वाढवून मिटणार नाही, चांगला सेंटर घेऊन मिटेल.

वॉटवरून आठवलं. माझा स्वतःचा पहिला सेट मी अशाच एका दुकानातून उचलला, खोक्यावर हे मोठ्ठ्या लाल अक्षरात 1200 वॉट. घरी आणून लावला, आवाज फाटायला लागला म्हणून उलटा करून मागची पट्टी वाचली तर तिथे बारीक अक्षरात, सॉकेटमधून घेणारी वीज 65 वॉट. आता सॉकेटमधून 65 घेणारा माणूस बाहेर 1200 कुठून देणार? तो खोक्यावरचा आकडा पीएमपीओचा, क्षणभराच्या काल्पनिक झटक्याचा. विचारायचा तो आरएमएस, सतत किती देतो ते. आणि खरं सांगू का, तुमच्या खोलीला फार लागतही नाही. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा 88 डेसिबल (आवाज किती मोठा त्याचं माप), म्हणजे 1 वॉटला 1 मीटरवर 88. तुम्ही 3 मीटरवर बसणार, तिथे साडेनऊ-एक कमी होतील, आणि 20 वॉट दिले की 13 वाढतील, म्हणजे 91-92 झाले, त्या आवाजात आई खोलीतून उठून जातील. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल, आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. म्हणून 50 वॉटवाला आणि 100 वॉटवाला यातल्या फरकासाठी पैसे घालू नका.

मग 80 कसे लावायचे. माझं मत विचाराल तर आत्ता सात नाही, पाचही नाही, तीन स्पीकर आणि एक सबवूफर. 30 च्या आसपास एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा), पण तो 5.1 चाच घ्या म्हणजे पुढे वाढवता येईल, 18 पर्यंत पुढची बुकशेल्फ जोडी (डावा-उजवा, छोट्या आकाराचे), 12 चा सेंटर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला (नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो, एकदा कानाला लागलं की मग सुटत नाही), आणि 16 चा सबवूफर. झाले 76. उरलेल्या 4 मध्ये वायर आणि पडदे. बाजूचे दोन पुढच्या दिवाळीला घ्या. एकाच खोक्यातला सातचा सेट घेतलात तर सातही हलके मिळतात, आणि बहुतेक वेळा त्याचा डबा फक्त त्याच्याच स्पीकरशी बोलतो, पुढे एकही बदलता येत नाही. साउंडबारबद्दल मी नाक मुरडणारा माणूस नाही, बैठकीच्या खोलीत, जिथे वायर दिसलेली चालत नाही, तिथे तो बरा. पण तुमच्याकडे अख्खी खोली आहे आणि भिंती उघड्या आहेत, तिथे कशाला?

आता भिंती. प्लास्टरच्या आधी मिस्त्रीला पकडा आणि टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, सोफ्याच्या थोडं मागे, कानाच्या रेषेच्या फूटभर वर पाइप टाकून घ्या. छतात दोन पाइप नुसते रिकामे सोडा, आतून दोरी ओवून ठेवा, छतातले स्पीकर आत्ता घ्यायचे नाहीत पण उद्या मुलगा मागेल तेव्हा छत फोडावं लागणार नाही. टीव्हीकडचा पाइप एक इंची हवा, एचडीएमआयचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या वायरीचं, तोंड बारीक पाइपातून जात नाही, आणि हे सगळ्यांना प्लास्टर झाल्यावर कळतं. लाइटच्या वायरी त्याच पाइपात अजिबात घालू देऊ नका, फूटभर लांब ठेवा, नाहीतर घूंऽऽ ऐकत बसाल. स्पीकरची वायर 16 गेज पुरते, पण तांब्याची, आणि घेताना दुकानातच टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम, ती परत द्या.

बसायचं कुठे? टीव्ही 11 फुटी भिंतीवर लावा. सोफा खोलीच्या बरोब्बर मध्ये, म्हणजे 7 फुटांवर नको, तुमच्या 14 फुटी लांबीत 40 हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या आवाजाची, लाट उभी राहते आणि मधोमध तीच गायब होते, तिथे बसलात तर सबवूफरचे पैसे वाया. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे तोच खालचा आवाज अंगावर येतो. मागे 4 फूट सोडा. पुढचे दोन एकमेकांपासून 7-8 फुटांवर, त्यांचा वरचा छोटा ट्वीटर (बारीक आवाज काढणारा) कानाच्या उंचीला, आणि सेंटर टीव्हीखाली असेल तर पुढून एक रबराचा तुकडा घालून तोंड थोडं वर करा, नाहीतर तो तुमच्या गुडघ्यांशीच बोलत राहील.

आणि खोली! नवीन घर म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल, चार कोऱ्या भिंती. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, टर्रर्र असा शेपटीवाला आवाज आला की समजायचं, प्रत्येक शब्दाला ही शेपटी लागणार. यावर उपाय एमटी क्लॉथ मार्केटमध्ये आहे, महाराणी रोडवर नाही. जाड पडदे, जमिनीवर जाड सतरंजी नाहीतर गालिचा. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा. बाजूच्या भिंतीवर कुठे काय लावायचं त्याची युक्ती अशी की तुम्ही सोफ्यावर बसा आणि मिसेसना सांगा भिंतीला आरसा लावून हळूहळू सरकवत न्या, आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे खडूने खूण करा, तिथेच जाड गोधडी टांगा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका हो, त्याने आवाज तसाच राहतो आणि पाली येतात.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा स्फोटवाला डेमो बंद करायला सांगा. पेनड्राइव्हमध्ये आपल्या ओळखीचं काहीतरी न्या. मी कुमार गंधर्वांचं गाणं नेतो, देवासचा माणूस म्हणजे आपल्या घरचाच, त्यात तंबोरा मागे वेगळा ऐकू येतो का आणि श्वास कळतो का एवढंच बघतो. मग एखादा कुजबुजीचा प्रसंग, आवाज लहान ठेवून. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला लावा, जो किंचित मोठा तो कानाला चांगलाच वाटतो आणि ही गोष्ट दुकानदाराला तुमच्याआधी माहीत असते. आणि आईंना बरोबर न्या, त्यांना खुर्ची द्या, त्यांना शब्द कळला की पैसे द्या.

प्रश्न: काका, रामबागेत आमचं जुनं घर आहे, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. सबवूफर आणल्यापासून शेजारच्या काकू बोलत नाहीत. फोम लावून आवाज थांबेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: पातळ फोमने नाही थांबणार. खालचा आवाज भिंतीतून आणि जमिनीतून जातो, त्याला इंचभर फोम दिसतच नाही. सबवूफर त्या भिंतीपासून काढा आणि कोपऱ्यातूनही काढा, कोपऱ्यात तो फुकट फुगतो. खाली फरशीचा जाड तुकडा, त्याच्याखाली रबर, म्हणजे निदान जमीन हलणार नाही. नवीन जागा शोधायची पद्धत जरा विनोदी आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, डग्गा ठळक असलेलं काहीतरी लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे डग्गा स्वच्छ आणि बेताचा ऐकू येईल तिथे सबवूफर. मी हे करत असताना सासरे आले होते, चहा न घेताच गेले. रात्री 10 नंतर रिसीव्हरमधला नाइट मोड लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. बाकी रंगपंचमीच्या गेरला, त्या मिरवणुकीत, जो डीजे जातो त्याबद्दल काकू काही म्हणत नाहीत, पण तो वर्षातून एकदाच येतो ना.

प्रश्न: बाबांचे 1980 च्या सुमाराचे लाकडी स्पीकर माळ्यावर आहेत. टाकवत नाहीत. नवीन रिसीव्हरला लागतील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: टाकू नका. जाळी काढा आणि कोनाभोवतीच्या (कोन म्हणजे आतला हलणारा शंकू) कडेला हलकं बोट लावा. फोमची असेल तर बहुतेक चुरा हातात येईल, कारागीर ती नवीन बसवून देतो. रबराची किंवा कापडाची असेल तर नशीबवान आहात. मागे ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) आकडा वाचा, 8 असेल तर बिनधास्त, 4 असेल तर आधी रिसीव्हरच्या मागची पट्टी बघा. वायरीवर लाल-काळं राहिलं नसेल तर साधा पेन्सिल सेल घ्या, क्षणभर टोकांना टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्याला लागलंय तेच स्पीकरचं प्लस. दोन्हींना करा, एक जरी उलटा लागला तर डग्गा पळून जातो आणि गायक खोलीत कुठेच सापडत नाही. सेल टेकवून धरून ठेवू नका, नुसतं टिचकीसारखं.