‘स्पेस’ला ‘अवकाश’ म्हणावं का?

सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. खोल्या, दारं, रस्ते यांतून सिनेमा मुलीचं मोठं होणं कसं दाखवतो, यावर त्या लिहितायत. ‘स्पेस’साठी त्यांनी ‘अवकाश’ लिहिलं, तर आईने वाचून विचारलं, “अवकाश? कशाला अवकाश आहे अजून?”

आईंचा कान पक्का आहे. बोलण्यात अवकाश म्हणजे वेळच: ‘लग्नाला अजून अवकाश आहे’, ‘तो यायचा अवकाश, की भांडण सुरू’. जागा हाही त्याचा जुना अर्थ, त्यामुळे समीक्षेत तो चूक नाही. पण ‘नायिकेचा अवकाश’ वाचलं की मला तरी आधी रॉकेट दिसतं.

मी ‘वावर’ लिहीन. जागा नुसती पडून असते, वावर माणसाला करावा लागतो. शिवाय विदर्भ-मराठवाड्यात वावर म्हणजे शेत. आपण त्याला रान म्हणतो. आपल्याच करमाळ्याकडे चित्रित झालेला ‘सैराट’ (२०१६) घ्या. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. वावर केवढा! पण तो बापाच्या जोरावर. पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत सगळा वावर एका खोलीवर येतो, आणि मोठी होते ती तिथेच. ‘तिचा अवकाश आक्रसतो’ असं लिहिलं, तर नुसती खोलीच मोजली जाते.

अर्थात ‘वावर’ सगळीकडे बसणार नाही. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’मध्ये (१९६४) चारू खिडक्यांच्या झडपांआडून, छोट्या दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं बघते. तिथे सरळ झडप लिहावं, दुर्बीण लिहावं.

‘बाहेर’ हा शब्दही जपून वापरा. पाळी आलेल्या मुलीला ‘बाहेरची झाली’ म्हणायचं आणि बसवायचं घरातल्याच कोपऱ्यात! उंबऱ्याचंही तेच. समीक्षकांना तिथे फक्त आत-बाहेरची सीमा दिसते. उंबऱ्यावर बसू नये, असं आमची आजी म्हणायची; पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीतून दुपारी गेलात तर दिसेल, मांडीवर सूप घेऊन बायका दारातच विड्या वळतायत, कारण उजेड तिथे आहे. त्यांच्यासाठी ती कामाची जागा. इथे मात्र ‘जागा’ हाच शब्द हवा.

नवा मसुदा आईंना वाचून दाखवा. ‘वावर? किती एकर?’ असं त्यांनी विचारलं, तर हसू नका. आर्चीच्या बाबतीत तो प्रश्न रास्तच आहे.