नागिणीची लस खिशातून पैसे घालून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाबा ६८ चे, आई ६३ ची, आईला शुगर, देवगडला घर आणि आंब्याची थोडी कलमं, डॉक्टरांनी दोघांना नागिणीची लस सांगितली, खर्च ऐकून डोळे पांढरे झाले आणि आता कळत नाहीये की खरंच गरज आहे की कमिशनचा मामला आहे.

मी दापोली तालुक्यात मेडिकल चालवतो. कमिशनचं आधी सांगून टाकतो. लशीवर मार्जिन सुटतं, मलाही सुटतं, लपवायचं कशाला. पण म्हणून लस खोटी ठरत नाही. माझं मत विचाराल तर जमत असेल तर दोघांना द्या, नसेल जमत तर आधी आईला द्या, आणि कर्ज काढून तर अजिबात नको.

आता का ते सांगतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण समजतो विषय संपला, पण तो विषाणू अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत पडून राहतो, आणि वय झालं, शुगर असली, स्टेरॉइड किंवा केमो चालू असलं की प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तो त्याच नसेवरून परत वर येतो, तीच नागीण. म्हणून ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. आपल्याकडे म्हणतात ना की तोंड आणि शेपटी जुळली की माणूस गेला, ते काही खरं नाही. नस एकाच बाजूची असते, त्यामुळे पुरळ साधारण मध्यावर येऊन थांबतं. अमेरिकेत धरतात की आयुष्यभरात तिघांतल्या एकाला नागीण होते, आणि पन्नाशीनंतर शक्यता वाढतच जाते.

पण खरी भीती पुरळाची नाहीच. पुरळ तीन-चार आठवड्यांत सुकतं. दहातल्या एखाद-दोघांना त्यानंतर जी कळ राहते, महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं, ती भयंकर. माझ्याकडे एक रिटायर्ड गुरुजी यायचे नसांच्या कळेवरच्या प्रीगॅबालिनच्या गोळ्या न्यायला. छातीच्या डाव्या बाजूला झालेली नागीण, कातडी बघायला गेलं तर साफ, नुसते फिकट डाग, पण त्यावर सदऱ्याचं कापड टेकलं तरी कळवळायचे. मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या आणि घरात पंखा बंद, कारण वारा लागला तरी आग व्हायची. दुकानात उभे असले की सदरा दोन बोटांत धरून अंगापासून लांब ठेवायचे. त्यांनी पहिले दिवस कुणाकडून तरी लेप लावून घेण्यात घालवले होते. यावरची अँटीव्हायरल गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात उपयोगी, त्यामुळे तुम्ही लस घ्या न घ्या, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा: एका बाजूला आग-आग होऊन फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर थेट डोळ्यांचा डॉक्टर, कारण नजर जाऊ शकते.

लशीचं म्हणाल तर आपल्याकडे मिळते ती शिंग्रिक्स, २०२३ मध्ये भारतात आली. ५० च्या पुढच्यांसाठी, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांना १८ पासून. जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे लशीमुळेच नागीण होईल ही भीती सोडा. चाचण्यांमध्ये पन्नाशीच्या पुढच्यांना नागिणीपासून ९७ टक्के, सत्तरीच्या पुढच्यांना ९१ टक्के संरक्षण दिसलं, आणि अकराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला तेव्हाही ८० च्या आसपास टिकून होतं. याआधी परदेशात झोस्टाव्हॅक्स नावाची एकच डोसची लस होती, तिचा आकडा जेमतेम ५१ टक्के होता. अमेरिकेत तर ती २०२० मध्ये बंदच झाली.

इंग्लंडमध्ये ठराविक वयाच्या लोकांना ही सरकारकडून फुकट मिळते. आपल्याकडे सरकारी लसीकरणात नाही, मेडिक्लेमवाले पण साधारणपणे लशीचे पैसे देत नाहीत. दोन डोस घ्यावे लागतात, माणशी वीस हजारांच्या वर जातं. आणि एकच डोस घेऊन थांबायचं असेल तर सुरूच करू नका, वरचे आकडे दोन डोसचे आहेत.

कुणीतरी सांगेल की कांजिण्यांची लस स्वस्त आहे, विषाणू तोच, तीच टोचून घ्या. नको. ती वेगळी लस आहे, वेगळ्या कामासाठी आहे. (माझ्याकडे चिठ्ठी न आणता मागायला येतात लोक, मी देत नाही.)

आई आधी का, तर शुगरवाल्यांना नागिणीचा धोका जास्त आणि आजारपणात शुगर पण वर-खाली होते. पण आईची तीन महिन्यांची शुगरची टेस्ट, डोळ्यांची तपासणी पैशापायी पुढे ढकलली जात असेल तर आधी ते करा, लस नंतर. मी पण घरी असंच केलं, बायकोला शुगर आहे तर तिला दोन्ही डोस दिले, माझे अजून घेतलेले नाहीत, मुलीची फी आटोपली की घेईन. तिला त्रास काय झाला ते पण सांगतो. दंड असा दुखला की दुसऱ्या दिवशी विळीवर बसून नारळ खवता येईना, रात्री थंडी वाजून कणकण, अंगदुखी. दोन दिवसांत गेलं. बहुतेकांना थोडंफार असं होतंच, ही लस जरा दणका देते. लाखो डोसांत क्वचित गिया-बारे नावाचा नसांचा आजार नोंदला गेलाय, आधी कधी तो झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि नागीण अंगावर चालू असताना ही लस घेत नाहीत.

मध्यंतरी व्हॉट्सॲपवर फिरत होतं की या लशीने स्मृतिभ्रंश टळतो. वेल्समधला अभ्यास आहे, २०२५ ला आला, सात वर्षांत साधारण पाचवा हिस्सा केसेस कमी दिसल्या हे खरं, पण ती लस जुनी, झोस्टाव्हॅक्स. तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

आता पैशाचं गणित. दोन डोसमध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर चालतं, आपल्याकडच्या माणसाला हे फार सोयीचं आहे. वाशीच्या बाजारातून आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात आले की जूनमध्ये पहिला, आणि दिवाळीच्या आधी दुसरा. फक्त गणपतीच्या आदल्या दिवशी घेऊ नका, मोदक कुणी वळायचे मग?

एक गोष्ट मात्र नीट बघा, कारण पावसात आपल्याकडे लाईटचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता, फ्रीजमधला माल गेला. ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते, गोठली तर टाकून द्यायची. म्हणून मी ती भरून ठेवत नाही, पेशंटची तारीख ठरली की स्टॉकिस्टकडून मागवतो आणि त्याच दिवशी टोचून होते. तुम्ही पण मेडिकलवाल्याला तसंच सांगा. स्वतः आणायची असेल तर थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून आणू नका, मध्ये कापड किंवा पुठ्ठा घाला. खोक्यात दोन बाटल्या असतात, एकीत पावडर, एकीत पातळ औषध, दोन्ही तुमच्यासमोर मिसळून द्यायला सांगा आणि बॅच नंबर फाईलला लिहून घ्या.

बाबांबद्दल तुम्ही फक्त वय लिहिलंय. त्यांना संधिवाताच्या किंवा दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर कळवा, मग मी आधी बाबांना म्हणेन.